मुराळ्याचे शॉकअप

जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत मिळून जेवढ्या मोटारसायकली असतील, त्यांतल्या निम्म्या तरी माझ्या थोरल्या साडूंनी एकदा हँडल धरून दाबून पाहिलेल्या आहेत. उरलेल्या निम्म्याही ते दाबून पाहतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. गाडी कोणाची, मालक ओळखीचा की परका, तो आसपास उभा आहे का, असले किरकोळ प्रश्न त्यांना पडत नाहीत. लग्नाला जा, तेराव्याला जा, आठवड्याच्या बाजाराला जा. साडू माणसांत दिसले नाहीत तर गाड्या लावलेल्या असतात तिथे सापडतात. पुढचा ब्रेक आवळायचा, अंगाचा सगळा भार हँडलवर टाकून गाडी खाली दाबायची, सोडून द्यायची आणि मान तिरकी करून ऐकायचं. गाडी वर येताना 'सुस्स' झालं तर आतलं तेल अजून जिवंत आहे. 'टक्' झालं तर स्प्रिंग थकली. आणि गाडी नुसतीच दोनदा उचकली, तर साडू त्या अनोळखी मालकाच्या नावाने एक सुस्कारा सोडतात आणि पुढच्या गाडीकडे वळतात. भडगावच्या एका लग्नात गाडीच्या मालकाने चोर समजून त्यांची मानगूट धरली होती. साडू जराही न गडबडता म्हणाले, "धरलंच आहे तर खाली वाकून बघून घ्या, डाव्या बाजूचं सील गेलंय." तो माणूस वाकून बघू लागला, आणि जेवणाच्या पंगतीत दोघं शेजारी बसले.

शॉकअप म्हणजे पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या दोन चकचकीत नळ्या. त्यांच्या पोटात एकेक स्प्रिंग आणि थोडं तेल असतं, आणि रस्त्याने दिलेला धक्का त्या दोघांनी आपसात वाटून घ्यावा अशी व्यवस्था असते. तुमच्या-माझ्यासारखा माणूस गाडीला पेट्रोल पाजतो, इंजिनचं तेल बदलतो आणि या नळ्यांकडे जन्मात ढुंकून बघत नाही. तेल गळून पार हँडल हिसके देऊ लागलं तरी तो रस्त्याला शिव्या घालतो. साडूंना हे सहन होत नाही. धक्के मुकाट सोसणाऱ्याचीच घरात कोणी विचारपूस करत नाही, असं ते म्हणतात, आणि हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव असतो की ऐकणाऱ्याला उगीच आपल्या बायकोची आठवण यावी. पाटबंधारे खात्यात कालव्याच्या मोजणीवर त्यांची नोकरी झाली. सगळी उमेदीची वर्षं कच्च्या रस्त्यांवर मोटारसायकलने गेली, तेव्हा या वेडाला काहीतरी आधार असावा. त्यांचं दुसरं ठाम मत उन्हाबद्दल. खानदेशच्या उन्हात तेलाचं पाणी होतं, म्हणून कंपनीने सांगितलेल्यापेक्षा जाड तेल घालायचं, हा त्यांचा सिद्धांत मी इतक्या वेळा ऐकलाय की झोपेत विचारलं तरी सांगेन.

माणसांची पारखही ते याच नळ्यांवरून करतात. त्यांच्या पुतणीला बघायला एक स्थळ आलं होतं. मुलगा शिकलेला, घरची केळीची बाग, बोलणंचालणं नेमस्त. आत कांदेपोहे चालले असताना साडू बाहेर जाऊन मुलाची गाडी दाबून आले आणि भर बैठकीत म्हणाले, "ज्याला स्वतःच्या गाडीचं गळणारं तेल दिसत नाही, त्याला पोरीच्या डोळ्यातलं पाणी काय दिसणार?" बैठक गार पडली. सुदैवाने घरच्यांनी त्यांचं ऐकलं नाही, लग्न झालं, आणि जावई इतका गुणी निघाला की सगळी भावकी साडूंना टोमणे मारू लागली. साडूंचं मत तसूभरही हललं नाही. लग्नाआधी त्याने सील बदललेलं असणार, एवढंच ते म्हणाले.

त्यांची स्वतःची मोटारसायकल लग्नानंतर चार-पाच वर्षांनी घेतलेली. तिचा सायलेन्सर खोकतो, हॉर्न मनात आलं तर वाजतो, टाकीचा मूळ रंग कोणता यावर नवरा-बायकोत एकमत नाही. पुढची बाजू मात्र नव्या नवरीसारखी. गल्लीच्या तोंडावरचा मेकॅनिक त्यांना लांबून येताना पाहिलं की पाने आवरतो, कारण मेकॅनिक लोक शॉकअपचं तेल चहाच्या कपाने मोजतात हे साडूंनी त्याला गिऱ्हाइकांदेखत ऐकवलेलं आहे. म्हणून सगळी शस्त्रक्रिया घरीच. इंजिनखाली लाकडी ठोकळे, चाक काढलेलं, नळ्या बाहेर, जुनं काळं तेल अक्कांच्या ढोकळ्याच्या भांड्यात. अक्का म्हणजे साडूंच्या सौभाग्यवती, माझ्या बायकोची थोरली बहीण. नवीन तेल दोन्ही बाजूंना सारखं पडावं म्हणून खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजायचं; त्यानंतर त्या घरात खोकला झाला तरी कोणी सांगत नाही. नळी वाकली आहे की सरळ, हे बघायला ती सपाट काचेवर घरंगळवावी लागते, आणि घरात सपाट काच एकच, आरशाची. तो आरसा आठवडाभर अंगणात आडवा पडला होता आणि अक्का तेवढे दिवस स्टीलच्या ताटात बघून कुंकू लावत होत्या.

गाडीची परीक्षा घ्यायला त्यांनी जळगावातले काही खड्डे नेमून ठेवले होते आणि त्यांना नावं दिली होती. रेल्वे फाटकाजवळची पसरट 'जाऊबाई', वळणावर अचानक समोर येणारा 'मामंजी', आणि डाळमिलच्या कोपऱ्यावरची खोल 'थोरली नणंद'. थोरल्या नणंदेवरून जाताना मागच्या माणसाच्या हातातल्या तांब्यातलं पाणी सांडलं नाही, तर काम पास. मागचा माणूस मीच असायचो. धुळ्याहून सहज भेटायला आलेल्या धाकट्या साडूचा असा उपयोग जगात इतर कोणी केला नसेल. पुढे डाळमिलच्या कोपऱ्यावर डांबर पडलं आणि थोरली नणंद बुजली. सगळी गल्ली खूश झाली, आणि साडू दोन दिवस उदास होते.

हे सगळं वेड शेवटी एका रस्त्यासाठी होतं, हे मला फार उशिरा कळलं. तो रस्ता आमच्या सासरचा. साक्रीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला अक्कांचं आणि माझ्या बायकोचं माहेर आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी जातात. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, झाडाला बांधलेले झोके, आणि त्या झोक्यांवर सासरचा उद्धार करणारी गाणी. पण लेकीने आपलं आपण उठून जायचं नसतं. माहेराहून कोणीतरी न्यायला यावं लागतं, त्याला मुराळी म्हणतात. आमचा मेहुणा हयात होता तोवर दरवर्षी न चुकता यायचा. तो गेला. भाचा चांगला आहे, फोन करून आग्रहाने बोलावतो, पण फोन म्हणजे मुराळी नव्हे. मुराळ्याशिवाय गेलं तर आपण पाहुण्या, असं म्हणून अक्का त्या वर्षी जायला तयार होईनात. तेव्हा साडूंनी जे केलं ते खानदेशात दुसऱ्या कोणा जावयाने केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ते स्वतःच मुराळी झाले.

आखाजीच्या आदल्या सकाळी ते मागच्या दाराने गाडी काढतात, गल्लीला वळसा घालून पुढच्या दाराशी येतात आणि उतरतात. डोक्यावर मेहुण्याची असायची तशी पांढरी टोपी. अक्का दारात येऊन पाण्याचा तांब्या देतात. ते म्हणतात, "मी तुले लेवाले उनू," म्हणजे न्यायला आलो. मग अक्का माहेरची खुशाली विचारतात, आणि भाच्याकडून फोनवर काढून ठेवलेल्या बातम्या साडू एकेक करून सांगतात: गाय व्याली, विहिरीला पाणी टिकून आहे, शेजारच्या म्हातारीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. सासरची परवानगी मागणं ही मुराळ्याची रीत असते, म्हणून ते स्वतःच्या रिकाम्या खुर्चीला उद्देशून विचारतात, पोरीला पाठवता का. एका वर्षी आदल्या रात्री दोघांचं भांडण झालेलं होतं. त्या सकाळी साडू मुराळी म्हणून परवानगी मागून उठले, खुर्चीत जाऊन बसले आणि यजमान म्हणून ती नाकारली. यंदा शेतीची कामं फार आहेत म्हणाले. त्यांना शेती नाही. अक्का पदराला तोंड पुसत टोपीकडे बघून म्हणाल्या, "आमना घरना लोक असाच शेत, तुम्ही मनवर लेऊ नका." अहिराणीतलं हे 'शेत' म्हणजे 'आहेत'. पुढच्या दहा मिनिटांत गाडी रस्त्याला लागली होती. तिथून धुळ्याला आमच्या दाराशी उतरतात तेही मुराळी म्हणूनच, आणि मला अदबीने विचारतात की धाकटीला पाठवता का. मीही मिशीला पीळ दिल्यासारखं करून पाठवतो म्हणतो. आमच्याकडे मुक्काम करून दुसऱ्या सकाळी ती दोघं पुढे आणि आम्ही दोघं स्कूटरवर मागे, अशी वरात साक्रीच्या रस्त्याला लागते.

मग अक्कांच्या मणक्यात गॅप आला. डॉक्टरांनी वर्षभर दुचाकी बंद सांगितली. भाचा चारचाकी पाठवायला तयार होता, पण बंद गाडीत बसलं की अक्कांना वळण येण्याआधीच उलटी येते, आणि एसटीचे धक्के मोटारसायकलच्या वरताण. त्या आखाजीला अक्का घरात पडून राहिल्या. माझी बायको माहेरी गेली खरी, पण झोक्यावर बसली नाही. संध्याकाळी दोघी बहिणी फोनवर बोलत होत्या, म्हणजे बोलत काहीच नव्हत्या, नुसता फोन कानाला धरून होत्या. वर्ष सरल्यावर डॉक्टर म्हणाले की आता बसायला हरकत नाही, पण धक्का बसता कामा नये. डॉक्टर हे कमरेला उद्देशून म्हणाले होते. साडूंनी ते गाडीचं टिपण म्हणून घेतलं.

आखाजीला अवकाश होता, तरी त्यांनी त्याच दिवशी गाडी उघडली. मागचे शॉकअप आधी बदलले. त्यांना जो भेटेल तो सांगे की मागे बसणाऱ्याला मागचेच शॉकअप लागतात, पुढचे कशाला उकरताय. साडूंचं उत्तर ठरलेलं होतं: धक्का पुढून येतो, मागचा फक्त निरोप्या. पुढे नव्या स्प्रिंगा आल्या, नवी सीलं आली, गंजाचे ठिपके पडलेल्या नळ्या बदलल्या. स्प्रिंगवर मुळातच थोडा दाब राहावा म्हणून तिच्या डोक्यावर नळीचा एक तुकडा बसवतात. तो त्यांनी शेजाऱ्याच्या ठिबकच्या कामातून उरलेल्या पांढऱ्या पाइपाचा कापला, कारण जळगावात पाइपाला काय तोटा. आता प्रश्न वजनाचा होता. कोणत्या वजनाला गाडी किती दबावी हे ठरवायला मागे कोणीतरी बसवायला हवं, आणि अक्कांना तर शेवटच्या दिवसापर्यंत बसवायचं नाही. साडूंनी मिलमधून तुरीच्या डाळीचं पोतं आणलं, अंदाजाने आणखी थोडी डाळ वर ओतली, पोतं मागच्या सीटवर आवळलं आणि जाऊबाईवरून, मामंजींवरून फिरवू लागले. पुढच्या नळीवर देवीचा लाल दोरा बांधलेला. नळी आत दबली की दोरा वर सरकतो आणि तिथेच राहतो, म्हणजे सगळ्यात मोठ्या धक्क्याला गाडी किती दबली ते कळतं. पोतं मागे असताना तो जिथपर्यंत गेला, तिथे त्यांनी अक्कांच्या नेलपॉलिशची खूण केली. गल्लीतल्या बायकांनी पोतं कशासाठी ते विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगून टाकलं. अक्का बाहेर आल्या, पोत्याला एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "मी इतली शे का?" त्यानंतर दोन दिवस घरात वरण शिजलं, पण बोलणं झालं नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी मुराळी आमच्या दाराशी उतरला तो टोपीसकट घामाघूम. मी परवानगीचा खेळ सुरू करणार तोच माझ्या बायकोने अक्कांना कमरेला धरून आत नेलं. त्या खाटेवर आडव्या झाल्या त्या भिंतीकडे तोंड करून. थोड्या वेळाने बायको बाहेर आली आणि हळू आवाजात म्हणाली की रस्ताभर गाडी दगडासारखी लागली, अक्कांच्याने पुढे जाववणार नाही. तू जा, माझ्या वाटचा झोका घे, म्हणतायत. पाण्याचा पेला तसाच ठेवून साडू गाडीपाशी गेले आणि उकिडवे बसले. निघताना खाली सरकवलेला लाल दोरा नेलपॉलिशच्या खुणेपासून दोन बोटं खालीच थांबलेला होता. जळगाव ते धुळे एवढे खड्डे खाऊनही गाडी पुरती दबलीच नव्हती. दोरा अडकला का, नळी कुठे धरते का, सगळं त्यांनी बघितलं. मग मला म्हणाले, तुम्ही बसा. मी मागे बसलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो उंच गतिरोधक आहे त्याच्यावरून ते जोरात गेले, परत आले, आणि वाकून पाहिलं. दोरा खुणेला जाऊन टेकला होता. गाडीत काही दोष नव्हता.

दोरा तसाच सोडून साडू उठले. मग त्यांनी उघड्या दारातून आत पाहिलं. खाटेवर अक्का पाठमोऱ्या होत्या, हाताखाली डोकं, आणि बांगड्या मनगटावरून सरकून कोपराशी आलेल्या. मीही तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिलं. वर्षभराचं पडून राहणं, अर्धी भाकरी पुरे म्हणणं, आम्ही सगळे, कोणी घरात, कोणी फोनवर, रोज ऐकत आलो होतो. एरवी शहरी बोलणारे साडू एकदम गावच्या बोलीत, स्वतःशी बोलावं तसं म्हणाले, "माले समजनंच नही, भो. ती हलकी व्हई गयी." पोतं त्यांनी अंदाजाने भरलं होतं, आणि अंदाज होता तो या गाडीवर पहिल्यांदा मागे बसलेल्या, गावभर मिरवलेल्या अक्कांचा. स्प्रिंगवरचा तुकडा आखूड केला की गाडी मऊ होते, एवढं ऐकून ऐकून मला माहीत होतं; मी आत जाऊन करवत घेऊन आलो.

अंगणातल्या कडुलिंबाखाली आम्ही गाडी ठोकळ्यावर घेतली. नळ्यांच्या डोक्यावरचे बोल्ट उघडले, पांढऱ्या पाइपाचे तुकडे वर आले, आणि साडूंनी दोन्हींची एकेक चकती कापली. आवाजाने अक्का उठून दारात आल्या. काय झालं, त्यांनी विचारलं. साडूंनी मान वर केली नाही. "उन्हाने तेल जाड झालं होतं," ते म्हणाले. ज्या माणसाने आयुष्यभर उन्हात तेलाचं पाणी होतं असं लग्नात, मयतीला आणि मुलगी बघायच्या बैठकीत सांगितलं, त्याने शॉकअपबद्दल बोललेलं हे पहिलं खोटं असावं. अक्कांनी आत जाऊन चहा टाकला. उतरत्या उन्हात साडूंनी त्यांना गल्लीतून एक चक्कर मारून आणली, आणि परत येताना अक्का मागे बसून माझ्या बायकोला हात करत होत्या. दुसऱ्या सकाळी साक्रीच्या रस्त्यावर मी मुद्दाम स्कूटर जवळून चालवली. पुढच्या गाडीचं चाक खड्ड्यात जात होतं, नळ्या दबत होत्या, वर येत होत्या, आणि अक्कांचा पदर तेवढा हलत होता. दुपारी त्या झोक्यावर बसल्या आणि सासरच्या माणसांना नावं ठेवणारं गाणं त्यांनी साडूंकडे बघून म्हटलं. साडू भाच्याच्या गाडीचं हँडल दाबत होते, पण कान इकडे होता.

त्यानंतरची प्रत्येक आखाजी अशीच होते. पोतं पुन्हा कधी आलं नाही. साडू टोपी घालून आमच्या दाराशी उतरतात, मला परवानगी विचारतात, आणि चहा व्हायच्या आत दोऱ्याकडे बघून येतात. यंदा बघून आले तर दोरा पुन्हा खुणेच्या खाली होता, आणि त्यांनी कडुलिंबाखाली ठोकळा ठेवला. मी करवत आणून दिली. चकती कापता कापता त्यांचा हात मध्येच थांबला, तेवढ्यात अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या, चौकटीला धरून, आणि काय झालं म्हणून विचारू लागल्या. साडूंनी मान खाली घालून पुन्हा करवत ओढली. मग मीच म्हणालो, "काही नाही अक्का, उन्हाने तेल जाड झालं." अक्कांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग खाली पडलेल्या पांढऱ्या चकतीकडे. "हां," त्या म्हणाल्या, "औंदा ऊन जास्तच शे." आणि साडूंच्या डोक्यावरची टोपी जरा तिरकी झाली होती, ती सरळ करून त्या आत गेल्या.